हत्याराच्या खटल्यातही आरोपीचे वकीलपत्र घेतले गेलेच पाहिजे

माननीय संपादक यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रांतून आणि शहरातल्या चर्चांतून गेल्या काही दिवसांत एक मागणी वारंवार पुढे येत आहे. कोयता, तलवार किंवा गावठी कट्ट्यासह पकडल्या गेलेल्या आरोपींचे वकीलपत्र सोलापुरातील एकाही वकिलाने घेऊ नये, अशी ती मागणी आहे. मी सोलापूरच्या न्यायालयांत फौजदारी बाजूची वकिली करते, अशा आरोपींच्या बाजूने उभी राहते आणि यापुढेही उभी राहणार आहे. त्यामागची कारणे सविस्तर मांडण्यासाठी आपण जागा द्यावी, ही विनंती.

ही मागणी करणाऱ्यांची भीती खरी आहे. रात्री दुकानाचे शटर ओढताना ज्याच्यासमोर कोयता नाचवला गेला तो व्यापारी, वर्गणीच्या नावाखाली धमकावला गेलेला हातगाडीवाला, भरवस्तीत तलवारीने केक कापल्याच्या चित्रफिती मोबाइलवर पाहून मुलीला संध्याकाळच्या शिकवणीला पाठवायला कचरणारे आईवडील, ही सारी माझ्याच शहरातली माणसे आहेत आणि त्यांच्यापैकी काहींची फिर्याद लिहून देण्याचे कामही मी केलेले आहे. दोषी माणसाला शिक्षा झाली पाहिजे याविषयी आमच्यात मतभेद नाही. मात्र शिक्षा पुराव्यावर होते आणि पुराव्याचा कस बचावाच्या वकिलाने घेतलेल्या उलटतपासणीत लागतो. ज्या गावात ही उलटतपासणी बंद पडेल तिथे तपास आळशी होईल, आणि आळशी तपासाचा सर्वांत मोठा फायदा सराईत गुन्हेगारालाच मिळेल, कारण वरच्या न्यायालयापर्यंत जाण्याइतका पैसा त्याच्याकडे असतो. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या पोराकडे तो नसतो.

बहिष्काराच्या मागणीचे कायदेशीर उत्तर थोडक्यात देता येते. अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेला आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे वकील संघांचे ठराव बेकायदा आणि निरर्थक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तामिळनाडूतून आलेल्या एका प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. त्यामुळे असा ठराव झालाच, तरी तो कोणावर बंधनकारक नाही. पण केवळ कायदा परवानगी देतो म्हणून मी हे काम करत नाही. शस्त्राच्या खटल्यात प्रत्यक्षात काय काय तपासावे लागते हे वाचकांसमोर यावे असे मला वाटते, कारण ‘हत्यार सापडले, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला’ ही समजूत सुशिक्षित माणसांतही खोलवर रुजलेली आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर पहिला प्रश्न कोयत्याचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येने केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आहेत. लाठी आणि साधी हातकाठी ही उदाहरणे तर कायद्याच्या मजकुरातच आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, संगीन, भाला यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या आणि तत्सम हत्यारे येतात, परंतु तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी तयार केलेल्या वस्तूंचा अपवाद केलेला आहे. ज्या जिल्ह्यात गाळप हंगामात उसाच्या फडाफडांवर तोडकऱ्यांच्या टोळ्या उतरतात, जिथे मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून उचल देतो, तिथे कोयता हे आधी पोटाचे साधन आहे. टोळीतला एखादा तरुण आठवड्याच्या बाजाराला येताना दुचाकीच्या डिकीत कोयता ठेवून आला, तर त्याच्याजवळ शस्त्र होते की अवजार होते, हे केवळ त्या लोखंडाकडे पाहून ठरत नाही. तोच कोयता रात्री अकराला भररस्त्यात कोणाच्या अंगावर उगारला गेला असेल, तर धाकदपटशाचे आणि दुखापतीचे गुन्हे भारतीय न्याय संहितेत आहेतच आणि ते लावलेही पाहिजेत. म्हणून पाते किती लांब व किती रुंद होते, मूठ कशी होती, वेळ कोणती होती, आरोपी त्या क्षणी काय करत होता, या बाबी पंचनाम्यात नेमकेपणाने आल्या पाहिजेत. त्या न आल्यास बचावाचा वकील प्रश्न विचारणारच, आणि त्याने ते विचारलेच पाहिजेत.

धारदार हत्यारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी वर्तमानपत्री बातमीत कधीच येत नाही. बंदुकीसारख्या अग्निशस्त्राला परवाना देशभर सर्वत्र लागतो, तो शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मुळे. तलवार किंवा गुप्ती यांसारख्या हत्याराला परवाना लागतो तो कलम ४ मुळे, आणि केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या क्षेत्राला ते कलम लागू केले असेल त्या क्षेत्रातच. म्हणून ‘४/२५’ चा, म्हणजे याच कायद्याच्या कलम ४ व २५ खालचा, खटला चालवताना ही अधिसूचना न्यायालयापुढे आणण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. याच खटल्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ व १३५ जोडण्याचा प्रघात आहे. तिथे मनाई आदेश त्या तारखेला अमलात होता आणि तो जाहीरपणे प्रसिद्ध झालेला होता, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. शहरात असे आदेश सण, यात्रा, निवडणुका यांच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा निघत असतात. पण दोषारोपपत्रासोबत नेमका त्या तारखेचा आदेश लावायचे राहून गेले, तर दोष वकिलाला देता येणार नाही.

ताब्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. एखाद्या खोलीच्या माळ्यावर कट्टा सापडला आणि त्या खोलीत पाच कामगार पाळीपाळीने झोपत असतील, तर तो कट्टा कोणाच्या ताब्यात होता? भाड्याने फिरणाऱ्या रिक्षाच्या मागच्या आसनाखाली सुरा सापडला, तर तो चालकाचा मानायचा, मालकाचा मानायचा की तासाभरापूर्वी उतरलेल्या प्रवाशाचा? गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तू आपल्याजवळ आहे याचे ज्ञान आणि तिच्यावर नियंत्रण या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, मग ती वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी चालते. १९९४ मध्ये संजय दत्त यांच्या प्रकरणात घटनापीठाने जाणीवपूर्वक ताब्याचे हेच तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. याच तत्त्वाच्या आधारे विमानतळावर प्रवाशाच्या सामानात चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसाचे गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केलेले आहेत. आता सोलापूरहूनही विमाने जाऊ लागली आहेत आणि आपल्या भागात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत, म्हणून ही माहिती केवळ गुन्हेगारांच्या उपयोगाची आहे असे कोणी समजू नये. शेतावर नेलेल्या पिशवीच्या अस्तरात अडकलेले एक काडतूस कोणाही भल्या माणसाला कोठडीची वाट दाखवू शकते.

आता पंचनाम्याविषयी. शस्त्राचा बहुतेक प्रत्येक खटला याच एका कागदावर उभा राहतो किंवा कोसळतो, म्हणून मी त्यावर जरा सविस्तर लिहिणार आहे. झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून हजर असाव्यात, असे आधीची फौजदारी प्रक्रिया संहिता सांगत होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. प्रत्यक्षात काही ठिकाणी तीच ती माणसे वर्षानुवर्षे पंच म्हणून सह्या करताना दिसतात. कोणी ठाण्यासमोर टपरी चालवणारा असतो, कोणी स्वतःच एखाद्या किरकोळ प्रकरणात अडकलेला असतो, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर घटनास्थळ रस्त्याच्या कोणत्या बाजूला होते हेही त्याला सांगता येत नाही. पंच फितूर झाला की लोक संतापतात. पण मुळात तो पंच तिथे होता का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. जे पंच खरोखर हजर असतात त्यांचीही एक अडचण आहे. खटला काही वर्षांनी उभा राहतो, समन्स येते, आणि रोजंदारीचा माणूस एका तारखेला पगार बुडवून येतो तेव्हा काम पुढे ढकललेले असते. तिसऱ्या खेपेला तो आलाच नाही, तर त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला किती आहे, याचा विचार व्हायला हवा.

सोलापुरात यात भाषेची भर पडते. या शहरात घराघरांत तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलली जाते. विडी वळणाऱ्या बाईच्या किंवा मागावर काम करणाऱ्या मुलाच्या घरात मराठी कळत नाही असे नाही, पण ‘मौजे’, ‘सदर इसम’, ‘अंगझडती’, ‘समक्ष’ अशा शब्दांनी भरलेला पंचनामा वाचून समजून सही करणे ही निराळी गोष्ट आहे. आरोपीला अटकेची कारणे त्याला समजेल अशा भाषेत सांगितली गेली का, आणि झडतीच्या वेळी त्याच्या म्हणण्याची नोंद झाली का, हे मी प्रत्येक प्रकरणात आधी पाहते. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते. तरीही निर्दोष माणूस आणि दोषी माणूस यांच्यातला फरक पुष्कळदा अशाच नोंदींतून दिसू लागतो.

जप्तीनंतर हत्यार जागेवरच कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांचे लेबल लावून, लाखेने मोहोरबंद झाले पाहिजे. मुद्देमालाच्या नोंदवहीत ते कधी जमा झाले, प्रयोगशाळेकडे कधी आणि कोणाच्या हाती गेले, तिथे पोचले तेव्हा मोहोर शाबूत होती का, ही साखळी अखंड लागते. जागेवर मोहोर न लावलेल्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ही गंभीर त्रुटी असल्याचे म्हटले होते, कारण अदलाबदल झालीच नाही असे मग कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. स्वतंत्र पंच नसले तरी केवळ पोलिसांच्या विश्वासार्ह साक्षीवर शिक्षा होऊ शकते, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कायदा पोलिसाला खोटारडा मानून सुरुवात करत नाही. पण अशा वेळी त्या साक्षीची छाननी अधिक काटेकोर होते, आणि ती काटेकोर व्हावी म्हणूनच बचावाचा वकील लागतो.

‘आरोपीने स्वतःच कबूल केले आणि हत्यार काढून दिले’ हे वाक्यही बातम्यांत नेहमी असते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम ब्रिटिश काळापासूनचा आहे आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये तो कलम २३ म्हणून कायम आहे. आरोपीने सांगितलेले पंचांसमक्ष लिहून घेतात त्या निवेदन पंचनाम्यातील जेवढ्या माहितीमुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली तेवढाच भाग ग्राह्य असतो. तीही वस्तू नाल्याच्या काठी, कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत किंवा कोणीही ये-जा करू शकेल अशा पडक्या घरात सापडली असेल, तर ती आरोपीनेच ठेवली होती या म्हणण्याचे वजन बरेच कमी होते.

या साऱ्या वादांवर एक चांगला उपाय १ जुलै २०२४ पासून आपल्या हाती आलेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले आहे. जप्त वस्तूंची यादी तयार होऊन तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या होईपर्यंतची सारी प्रक्रिया त्यात आली पाहिजे, आणि ते मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे गेले पाहिजे. यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप पोलिसांना उपलब्ध करून दिलेले आहे. माझ्या मते गेल्या अनेक वर्षांतील फौजदारी कायद्यातली ही सर्वांत हितकारक सुधारणा आहे. ज्या प्रकरणात मुद्रण सलग, स्पष्ट आणि वेळेवर सादर झालेले असते तिथे प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याला माझ्या उलटतपासणीची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही, आणि मलाही माझ्या पक्षकाराला खरी परिस्थिती समजावून सांगता येते. उलट हत्यार आधी हातात दिले आणि चित्रण नंतर सुरू केले असे दिसत असेल, तर त्या खटल्याविषयी शंका घेणे हे माझे कर्तव्यच ठरते. आरोपीच्या नातेवाइकांनीही हे लक्षात ठेवावे की दोषारोपपत्रासोबत या मुद्रणाची प्रत मागण्याचा त्यांच्या माणसाला अधिकार आहे.

गावठी कट्ट्याच्या खटल्यात पुढचे दोन टप्पे येतात. सापडलेली वस्तू खरोखर गोळी झाडू शकते का आणि काडतूस जिवंत आहे का, हे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील बॅलिस्टिक तज्ज्ञ सांगतात. हा अहवाल यायला लागणारा वेळ ही आरोपी आणि फिर्यादी या दोघांचीही शिक्षा आहे. शिवाय शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरण्यासाठी कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. इथे सोलापूरकरांनी एक बाब ध्यानात घ्यावी. पोलीस आयुक्तालय असलेल्या क्षेत्रात ‘जिल्हादंडाधिकारी’ म्हणजे पोलीस आयुक्त, अशी व्याख्या याच कायद्यात आहे. म्हणजे ग्रामीण भागातल्या कट्ट्याच्या खटल्याला मंजुरी जिल्हाधिकारी देतात, तर शहरातल्या खटल्याला मंजुरी ज्या दलाने तपास केला त्याच दलाचे प्रमुख देतात. कायद्याने हे वैध आहे. परंतु मंजुरीच्या आदेशातून मंजुरी देणाऱ्याने प्रयोगशाळेचा अहवाल आणि तपासाची कागदपत्रे स्वतः पाहून विचार केल्याचे दिसले पाहिजे, हा आग्रह शहरात तर अधिकच धरायला हवा. छापील नमुन्यात नाव आणि तारीख भरून निघालेली मंजुरी मी न्यायालयापुढे उघडी पाडली, तर तिला पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यसत्तेने माणसावर खटला भरण्यापूर्वी एकदा थांबून विचार करावा म्हणूनच संसदेने हे कलम घातले आहे.

कोणते कलम लावले जाते याला आता फार महत्त्व आले आहे, कारण १४ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या शस्त्र अधिनियमातील दुरुस्तीने शिक्षा वाढवल्या. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगण्याला पूर्वी १ ते ३ वर्षांची शिक्षा होती, ती २ ते ५ वर्षे आणि दंड अशी झाली. अवैध निर्मिती आणि विक्रीला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे कंबरेला कट्टा खोचून फिरणारा बेफिकीर पोरगा आणि तो कट्टा बनवून विकणारा माणूस यांच्यात कायद्याने फार मोठे अंतर ठेवले आहे. तपासात मात्र पोरगा सापडतो आणि विकणारा ‘अज्ञात’ राहतो. बचावाचा वकील ‘हा कट्टा याला दिला कोणी, आणि तिथपर्यंत तपास का गेला नाही?’ असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न खरे तर साऱ्या शहराच्या वतीने विचारलेला असतो. किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी पुरेशी आणि विशेष कारणे निकालपत्रात नोंदवावी लागतात. ती कारणे न्यायालयापुढे मांडणे हेही वकिलाचेच काम आहे.

अटकेच्या आणि जामिनाच्या बाबतीत लोकांचा गैरसमज असा आहे की हत्यार म्हटले की जामीन नाहीच. ज्या गुन्ह्यांची कमाल शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे त्यांत अटक सरसकट करू नये, अटकेची गरज का आहे ते नोंदवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात सांगितले. जवळ शस्त्र बाळगल्याचे बरेच गुन्हे या मर्यादेत बसतात. खटला सुरू असताना नियमित हजर राहणाऱ्या, पूर्वीचा गुन्हा नसलेल्या मुलाला जामीन मिळणे म्हणजे त्याची सुटका नव्हे. उलट अशा एका प्रलंबित गुन्ह्याची सावली लांबवर पडते. चारित्र्य पडताळणीत तो दिसतो, नोकरी जाते, आणि पुढे तडीपारीच्या प्रस्तावात त्याच गुन्ह्याची नोंद होते. तडीपारीचा आदेश दोन वर्षांपर्यंत असू शकतो, आणि ज्याचे हातावर पोट आहे त्याचे घर तेवढ्या काळात विस्कटून जाते. उच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी आपल्याला मुंबई गाठावी लागत असे; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात आहे. गरीब पक्षकारासाठी हा दिलासा लहान नाही.

आपल्या शहराचा इतिहास मी इथे आठवते तो भावनेसाठी नव्हे. लॉर्ड लिटन यांच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने या देशातील माणसाकडे केवळ संशयाने पाहिले. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. सत्ता घाबरली की पुराव्याची कदर सर्वांत आधी सुटते, हे सोलापूरने आपल्या माणसांच्या जिवावर अनुभवलेले आहे. त्याच गावाने आज वकिलांना ‘आरोपीच्या बाजूने उभे राहू नका’ असे सांगावे, याचे मला मनापासून दुःख होते.

ज्यांच्या घरात असा प्रसंग उद्भवला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा लोकअभिरक्षक (मोफत बचाव करणाऱ्या वकिलांच्या) कार्यालयाकडे जावे. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. ‘सोडवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये. पहिल्या रिमांडलाच वकील हजर असणे सर्वांत महत्त्वाचे असते, कारण मारहाण झाली असल्यास ती दंडाधिकाऱ्यांना सांगण्याची, अटकेची खरी वेळ नोंदवून घेण्याची आणि कागदपत्रे मागण्याची संधी तेव्हाच असते. वडील किंवा आजोबा वारल्यावर त्यांची परवान्याची बारा बोअर कपाटात तशीच राहिली असेल, तर ती आजच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करावा. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ ने ही जबाबदारी घातलेली आहे आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव तिथे फारसा उपयोगी पडत नाही. खंडेनवमीला पूजेत ठेवायची जुनी तलवार ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती मिरवणुकीत किंवा वाढदिवसाच्या चित्रफितीत कृपया आणू नये. देव्हाऱ्यापुढची तलवार आणि रस्त्यावर परजलेली तलवार यांच्यात न्यायालय फरक करू शकते, पण रस्त्यावर आल्यानंतर तो फरक सिद्ध करण्याचा खर्च आणि मनस्ताप तुमच्याच वाट्याला येतो.

शेवटी आपल्याकडे, संपादक महोदय, एक मागणे आहे. टेबलावर मांडलेला कट्टा, चार काडतुसे आणि मागे तोंड झाकून उभे केलेले आरोपी असे छायाचित्र पहिल्या पानावर येते तेव्हा वाचकाच्या मनात निकाल लागलेला असतो. बातमीत ‘गुंड’ या शब्दाऐवजी ‘आरोपी’ हा शब्द वापरला जावा, लावलेली कलमे दिली जावीत, झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण झाले का हे आपल्या वार्ताहरांनी पोलिसांना विचारावे. आणि तो खटला जेव्हा निकाली निघेल, शिक्षा झाली असो वा निर्दोष मुक्तता, तेव्हा ती बातमी आणि निकालपत्रात न्यायालयाने नोंदवलेली कारणे अटकेच्या बातमीइतक्याच जागेत आपण छापावीत. पंच का टिकला नाही, मोहोर का नव्हती, मंजुरी का अमान्य झाली, हे वाचकांना कळू लागले, तर त्यांचे पुढचे पत्र वकिलांच्या विरोधात न येता योग्य ठिकाणी जाईल.

आपली विश्वासू,
फौजदारी न्यायालयात वकिली करणारी एक वाचक,
सोलापूर